वीस गुण कुणाच्या हातात?

समाजमाध्यमांवर अधूनमधून एक पोस्ट फिरते. बाबासाहेबांना मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे ३७.६ टक्के, मग कसली विद्वत्ता, असा तिचा सूर असतो. पोस्ट टाकणाऱ्याची जात सांगायला नको. ती पाहिली की आपल्यातले काही तरुण चिडून शिव्या घालतात आणि काही तो आकडाच खोटा आहे म्हणून भांडत बसतात. दोन्हीची गरज नाही असे आम्हाला वाटते. आकडा खरा आहे, बाबासाहेबांच्या चरित्रांत तो नोंदलेला आहे. चिडण्यापेक्षा तो घेऊन गणित करायला बसावे. कोणत्या कामाला किती गुण, ते गुण कोण देणार आणि त्यांची बेरीज कशी करायची, हे कुणीतरी ठरवलेले असते. ते ठरवणारे आजवर कोण होते हे विचारल्याशिवाय ३७.६ या आकड्याला काही अर्थ नाही.

सुरुवात १८५७ पासून करू. त्या वर्षी मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे विद्यापीठे निघाली. तिन्ही लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. ही विद्यापीठे शिकवत नव्हती. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. आजच्या भाषेत सांगायचे तर सत्रान्त परीक्षेला शंभर टक्के भार आणि वर्गातल्या कामाला शून्य. १८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली, १३२ जण बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. त्या २२ जणांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या पोथी होती त्या घरांतल्या मुलांचीही ही गत, सहापैकी पाच नापास. हे आज कुणी पोस्ट करून सांगत नाही.

आणि आपण कुठे होतो? विद्यापीठ निघाले त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला होता. तो नाकारला गेला. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेले आणि सरकारनेही हात झटकले, एका मुलासाठी बाकीच्या मुलांनी शाळा सोडली तर काय करायचे, हा त्यांचा हिशेब. बाबासाहेबांनी पुढे आपल्या लेखनात हे प्रकरण मुद्दाम काढून दाखवले आहे. गुणांचा भार ठरण्याआधी फाटकाचा भार ठरला होता, आणि तो शंभर टक्के होता.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यातला प्राथमिक शिक्षणाचा भाग सगळ्यांना पाठ आहे. परंतु त्यात शेवटाकडे एक छोटी मागणी आहे, तिच्याकडे आपले अभ्यासकही फारसे पाहत नाहीत. विद्यापीठाने प्रवेश परीक्षेला खासगी रीतीने अभ्यास केलेल्यांना बसू दिले हे चांगले केले, तीच सवलत बी.ए., एम.ए. यांसारख्या वरच्या परीक्षांनाही द्यावी, असे जोतीराव म्हणतात. म्हणजे महाविद्यालयात न जाता, कुण्या प्राध्यापकाच्या मर्जीवर न राहता, घरी अभ्यास करायचा आणि थेट परीक्षा द्यायची. ज्या काळात शिक्षक जवळजवळ एकाच जातीचे होते त्या काळात शिक्षकाला वगळून परीक्षेपर्यंत पोहोचण्याची वाट मागणे, हे जोतीरावांनी उगाच केलेले नाही. वर्गातला गुरुजी पोराचे आडनाव ओळखतो. लांबचा परीक्षक निदान प्रत्येकाला ओळखत नाही. बाह्य परीक्षेला आपण सरसकट शत्रू मानतो तेव्हा जोतीरावांची ही मागणी आठवावी.

आता १९०७ कडे येऊ. एल्फिन्स्टन हायस्कूल, भीमराव रामजी आंबेडकर. संस्कृत शिकायचे होते, शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यास. त्या पोराने मॅट्रिक पार केली म्हणून सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. सभा गुणांसाठी नव्हती, पार होण्यासाठी होती. ३७.६ टक्के हा आकडा त्या परीक्षेचा आहे जिच्यात वर्षभराच्या कामाला काडीचे वजन नव्हते आणि जिच्यातला एक विषय उमेदवाराच्या जातीने ठरवला होता.

तोच माणूस सहा वर्षांनी कोलंबिया विद्यापीठात गेला. तिथे पद्धत वेगळी. अभ्यासक्रम निवडायचे, परिसंवादात बसायचे, निबंध लिहून तो प्राध्यापक आणि सहाध्यायांपुढे वाचायचा. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. ‘कास्ट्स इन इंडिया’ म्हणून जो आज जगभर अभ्यासला जातो, तो मुळात परिसंवादासाठीचा निबंध, आजची पोरे जिला असाइनमेंट म्हणतात त्याच जातीची वस्तू. ती पुढच्याच वर्षी ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आली. माणूस तोच, बुद्धी तीच. कशाला वजन द्यायचे तेवढे बदलले, आणि ते वजन ज्यांच्या हातात होते त्यांना महार म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पहिलीपेक्षा कमी नाही. किंबहुना आमच्या मते जास्तच आहे.

१९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात मुंबई विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेब बोलले. शिक्षण वेगळे आणि परीक्षा वेगळी, दर्जा वाढवण्याच्या नावाखाली परीक्षा इतकी कठीण केली जात आहे की ज्या समाजांनी विद्यापीठाचा उंबरठाही अजून ओलांडलेला नाही ते बाहेरच राहतील, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच चर्चेत त्यांनी विद्यापीठाच्या कारभारात मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला. हे दोन मुद्दे एकत्र आले हा योगायोग नाही. परीक्षेचे नियम जिथे ठरतात त्या टेबलावर आपला माणूस नसेल तर नियम कुणाच्या सोयीने ठरणार?

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोग नेमला गेला (१९४८-४९). विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची, असे आयोगाने म्हटले आणि प्रत्येक विषयातले एक तृतीयांश गुण वर्षभराच्या कामासाठी राखावेत अशी शिफारस केली. पुढे कोठारी आयोगानेही अंतर्गत मूल्यमापनाची बाजू घेतली. हेतू चांगला होता. तीन तासांच्या पेपरात वर्षाचा निकाल लावणे क्रूर आहे, घोकंपट्टीला बक्षीस देणारे आहे, हे आम्हीही मानतो. पण एक तृतीयांश गुण ज्याच्या हाती सोपवले तो कोण, त्याच्यावर कुणाची नजर, त्याचा निर्णय चुकला तर दाद कुठे, यावर या सगळ्या चर्चेत फार थोडी शाई खर्च झाली. शिक्षक निःपक्षपाती असतो हे गृहीत धरले गेले. जातीने पोखरलेल्या समाजात हे गृहीतक धरायला कुणाला परवडते, ते उघड आहे.

आता वही काढा. थोडे गणित करू, कारण हा सगळा वाद शेवटी गुणाकार-बेरजेवर येऊन थांबतो आणि आपल्यातले बरेच कार्यकर्ते नेमके तिथेच हात आखडतात.

एका विषयात असाइनमेंटला २०, वर्गचाचणीला २० आणि सत्रान्त परीक्षेला ६० टक्के भार आहे असे धरा. एक विद्यार्थिनी, तिला क म्हणू. असाइनमेंटमध्ये २० पैकी ११, चाचणीत ३० पैकी १८, सत्रान्त परीक्षेत ७५ पैकी ५४. प्रत्येकाचे आधी टक्के काढायचे: ५५, ६० आणि ७२. मग प्रत्येक टक्केवारीला तिच्या भाराने गुणायचे. ५५चे २० टक्के ११, ६०चे २० टक्के १२, ७२चे ६० टक्के ४३.२. बेरीज ६६.२. तिन्ही टक्क्यांची सरळ सरासरी काढली तर ६२.३ येते आणि ती चूक आहे. अनेक मुले इथेच फसतात.

दुसरा विद्यार्थी ख. असाइनमेंट २० पैकी १९, चाचणी ३० पैकी २७, सत्रान्त परीक्षा ७५ पैकी ४५. म्हणजे ९५, ९० आणि ६० टक्के. भार लावला की १९ अधिक १८ अधिक ३६, एकूण ७३. जिथे ७०ला श्रेणी बदलते तिथे ख वरच्या श्रेणीत गेला आणि क खाली राहिली. बाहेरच्या परीक्षकाने मात्र क ला ख पेक्षा ९ गुण जास्त दिलेले आहेत.

हाच भार ८०:२० करा, म्हणजे असाइनमेंट १०, चाचणी १०, परीक्षा ८०. क चे होतात ६९.१ आणि ख चे ६६.५. क पुढे गेली. कुणाचा एकही गुण बदललेला नाही, एकही उत्तरपत्रिका पुन्हा तपासलेली नाही. मुंबई विद्यापीठात क्रेडिट पद्धत आली तेव्हा ६०:४० होते, नंतर ते ७५:२५ झाले. आपल्या दोघांना ७५:२५ लावून पाहा. अंतर्गत २५ चाचणी आणि असाइनमेंटमध्ये सारखे वाटले तर क ६८.३७५ आणि ख ६८.१२५ येतात. पाव गुणाचा फरक. विद्वत्सभेच्या बैठकीत एक ठराव मंजूर होतो आणि कोण पुढे, कोण मागे हे उलटते. यालाच नंतर ‘मेरिट’ म्हणतात!

याहून बारीक गोष्ट पुढे आहे. कागदावर २० टक्के भार लिहिला म्हणून प्रत्यक्षात तेवढाच भार पडतो असे नाही. एखाद्या वर्गात शिक्षक सगळ्यांना असाइनमेंटचे १७ ते १९ गुण देत असेल तर ते २० टक्के निकालात काहीच ठरवत नाहीत, सगळे परीक्षेवर ठरते. पण त्याच वर्गात सत्तावन्न जणांना १८ आणि तिघांना ९ दिले, तर त्या तिघांसाठी तो २० टक्क्यांचा तुकडा सगळ्यांत जड होतो. नऊ गुणांची ती खाई परीक्षेत भरून काढायची तर, ६० टक्के भाराच्या पेपरात, इतरांपेक्षा १५ टक्के गुण जास्त मिळवावे लागतात. म्हणून फक्त प्रमाण विचारून भागत नाही. गुणांचा पसारा किती आहे आणि तळाला कोण आहेत, हे पाहावे लागते. यादी समोर ठेवली की आडनावे आपोआप बोलू लागतात.

हा आमचा कल्पनाविलास नाही. अजय हासिया खटला पाहा. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते, म्हणजे एकूण गुणांचा तिसरा हिस्सा मुलाखतीला. अर्जदारांचे म्हणणे असे की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि प्रश्न विचारले ते आईवडील कोण, राहता कुठे असले. सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला ३३ टक्क्यांवर भार देणे मनमानी ठरवले आणि १५ टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नये असे सांगितले. तरी त्या वर्षीचे प्रवेश मात्र रद्द केले नाहीत, मुलांचे शिक्षण पुढे गेले होते म्हणून. न्याय मिळाला तो पुढच्यांना.

जेएनयूचे प्रकरण तर आपल्या पिढीचे आहे. लेखीला ७० आणि तोंडीला ३० गुण अशी तिथली जुनी पद्धत. विद्यार्थी संघटनांनी, त्यात आंबेडकरी विद्यार्थी पुढे होते, लेखी आणि तोंडी गुणांची तुलना करा असा लकडा लावला. प्राध्यापक नफे यांच्या समितीने प्रवेशाचे आकडे तपासले आणि २०१६ मध्ये सांगितले की तोंडी परीक्षेतील गुणदानात सामाजिक गटांनुसार भेदभाव दिसतो, तोंडीचे गुण ३० वरून १५ वर आणावेत. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाची अधिसूचना आली आणि तिने उलटे केले, लेखी परीक्षा फक्त पात्रतेपुरती, निवड सगळी तोंडीवर. आपण १५ मागत होतो, त्यांनी १०० केले. विद्यार्थी रस्त्यावर आले, कोर्टात गेले, आणि २०१८ मध्ये आयोगाला पुन्हा ७०:३० वर यावे लागले. जिथून सुरुवात केली तिथेच. त्याआधी २००७ मध्ये थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी बोलून हेच नोंदवले होते, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षक आडून किंवा सरळ जात विचारतात. विद्यार्थ्याचा चेहरा, नाव आणि बोली समोर आल्यावर गुण कसे वळतात याचे हे सरकारी पुरावे आहेत.

मग अंतर्गत गुण बंदच करा, अशी मागणी करावी का? काही मित्र तसे म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. महाराष्ट्राच्या दहावीचा अनुभव ताजा आहे. राज्य मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले, आणि २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. गळाले ते कोण? जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली, घरी मराठीची पुस्तकी बोली नसलेली, शिकवणी परवडत नसलेली मुले यात किती असतील याचा अंदाज वस्तीत राहणाऱ्याला सहज येतो. मग अंतर्गत गुण परत आले. पण ते आपल्या मुलांची दया आली म्हणून नव्हे. सीबीएसई-आयसीएसईची मुले शाळेतून मिळालेल्या २० गुणांच्या जोरावर अकरावीच्या चांगल्या जागा घेऊन जातात, अशी राज्य मंडळाच्या पालकांची ओरड झाली म्हणून. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या वर्षभराच्या लेखी कामाला ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला २० गुण धरून निकाल लावला, तो ९९.९५ टक्के. तीच राज्यभरची मुले, तीन वर्षांत ७७, ९५ आणि जवळजवळ १००. गुणवत्ता ही जन्मजात वस्तू असल्याप्रमाणे बोलणाऱ्यांनी या तीन आकड्यांचा उलगडा करून दाखवावा.

परीक्षेलाही जात असते, फक्त ती खोलीच्या बाहेर उभी असते. सत्र संपताना तीन तास शांत डोक्याने बसण्यासाठी आधी महिनाभर वेळ, जागा, वीज लागते. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी वर्ग सकाळी ठेवले. कमावता विद्यार्थी त्यांच्या डोळ्यांसमोर होता. आजची हजेरीला गुण देणारी पद्धत त्याच विद्यार्थ्याला कापते आणि एकाच परीक्षेवर सारे टांगणारी पद्धतही त्यालाच कापते. म्हणून लढाई प्रमाणाची कमी आणि उत्तरदायित्वाची जास्त आहे.

ती कशी लढायची ते थोडक्यात. सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाचा भार लेखी मागून घ्या आणि असाइनमेंटचे गुण कोणत्या निकषांवर देणार हेही. तपासलेली असाइनमेंट परत मागा, तिचा फोटो काढून ठेवा. अंतर्गत गुणांची यादी विद्यापीठाकडे जाण्याआधी फलकावर लागली पाहिजे, कारण एकदा ती गेली की पुनर्मूल्यांकनाचा अर्ज फक्त लेखी पेपरापुरता चालतो, असा बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे. उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहितीच्या अधिकारात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय खटल्यात सांगितले आहे. तो अर्ज लिहायला वस्तीतल्या प्रत्येक अभ्यासिकेत शिकवा.

आणि स्वतःचा हिशेब स्वतः करा. वर सांगितलेल्या क चे अंतर्गत गुण ४० पैकी २३ झाले. तिला ७० हवे असतील तर उरलेले ४७ परीक्षेच्या ६० मधून आणायचे, म्हणजे ७५च्या पेपरात ५९. हे परीक्षेच्या महिनाभर आधी कळले तर ती अभ्यास आखू शकते, निकालानंतर कळून उपयोग नाही. श्रेयांकांचेही तसेच. चार श्रेयांकांच्या विषयात ७ आणि दोन श्रेयांकांच्या विषयात १० श्रेणीगुण असतील तर सरासरी साडेआठ धरून हुरळून जाऊ नका. चार गुणिले सात २८, दोन गुणिले दहा २०, बेरीज ४८, भागिले सहा, म्हणजे ८. जड श्रेयांकाच्या विषयात घसरलात तर हलका विषय वाचवत नाही. शिष्यवृत्तीची आणि पीएच.डी. प्रवेशाची अट याच आकड्यावर असते.

वसतिगृहांत, अभ्यासिकांत एक काम लगेच सुरू करता येईल. मागच्या तीन-चार सत्रांच्या गुणपत्रिका गोळा करा, नावे झाकून. प्रत्येकाचे अंतर्गत टक्के आणि लेखी टक्के शेजारी शेजारी लिहा, महाविद्यालयानुसार, विषयानुसार. जेएनयूच्या मुलांनी समितीपुढे हीच तुलना मागितली होती. एका विद्यार्थ्याची तक्रार महाविद्यालय अपवाद म्हणून उडवून लावते. दोनशे गुणपत्रिकांचा तक्ता विद्वत्सभेच्या सदस्यासमोर ठेवला की त्याला निदान तो वाचावा लागतो. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना हे करायचे आहे त्यांनी आपापल्या तालुक्यात दोन जण नेमावेत, एक आकडे भरणारा आणि एक तपासणारा. तक्त्याचे रकाने आम्ही आखून देऊ.